रामानुजनची देवी आणि मुलांचं गणित

रामानुजनचं चरित्र सहा-सात वर्षांच्या मुलांना चित्रांतून सांगायचं ठरवलं की लेखकाला गणिताच्या आधी देवी अडवते. नामक्कलची नामगिरी थायार ही त्याच्या घराण्याची कुलदेवता. सूत्रं आपल्याला तिच्या कृपेने, कधी स्वप्नात, सुचतात असं तो म्हणे, अशा आठवणी त्याच्या परिचितांनी नोंदवून ठेवल्या आहेत. केंब्रिजमध्ये जवळजवळ पाच वर्षं त्याच्याबरोबर काम करणारा गणिती हार्डी मात्र वेगळं सांगतो. रामानुजनचा धर्म आचारापुरता होता, आणि सगळेच धर्म आपल्याला कमी-अधिक सारखेच खरे वाटतात असं तो बोलला होता, ही हार्डीची साक्ष. हार्डी स्वतः कडवा नास्तिक, त्यामुळे तीही जपूनच घ्यावी लागते. चित्रकाराचा प्रश्न मात्र केव्हाच सुटलेला असतो. झोपलेला मुलगा, वर तेजाचं वलय, आकाशातून उतरणारे आकडे: असं पान हातचं कोण सोडेल? ते पान पाहणारं मूल त्यातून एक समजूत उचलतं, की गणितातली गोष्ट खरी असते ती कोणीतरी मोठ्याने सांगितली म्हणून. आक्षेप घ्यायचा तो या समजुतीवर. देवीशी माझं भांडण नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी ज्ञान कशाने मिळतं याची बारकाईने वर्गवारी केली, आणि विश्वासू माणसाच्या शब्दाला त्यात मानाचं स्थान दिलं. ते योग्यच होतं. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक 1674 मध्ये रायगडावर झाला, हे दुसरीतलं मूल स्वतः तपासू शकत नाही. त्याला बाईंवर आणि पुस्तकावर विश्वास ठेवणं भागच आहे. गणितात मात्र तेच मूल बाईंना फळ्यापाशी थांबवून सांगू शकतं, की बाई, तुमचं चुकलं. सात अठ्ठे छप्पन्न हे बाई म्हणतात म्हणून नाही, सात-सातच्या आठ ओळी मांडून मोजल्या की दिसतं म्हणून खरं. शाळेत हे हरवतं, कारण पाढेही सनावळीसारखेच पाठ करून घेतले जातात. अशा वेळी चरित्राचं पुस्तक येतं आणि बाईंच्या जागी महापुरुषाला बसवतं, महापुरुषामागे देवीला. अधिकार मोठा होत जातो, मुलाचा हात मात्र होता तिथेच. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: देवी पुस्तकात खुशाल असू दे, पण त्याच पुस्तकात मुलाला स्वतः पडताळता येईल असं निदान एक गणित हवं, आणि ते त्या माणसाच्या खऱ्या कामातलं हवं.

देवी आणि पडताळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला दोन चित्रपुस्तकं शेजारी ठेवावीत. रामानुजनवरचं एमी अल्झनावर यांचं पुस्तक 2020 मध्ये आलं. (रामानुजनची ‘हरवलेली वही’ 1976 मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात ज्यांना सापडली, ते गणिती जॉर्ज अँड्र्यूज या लेखिकेचे वडील.) दुसरं डेबोरा हायलिगमन यांचं, 2013 मधलं, हंगेरीच्या पॉल एर्दोशवरचं. एर्दोश देव मानत नसे. देवाचा उल्लेख तो ‘सुप्रीम फॅसिस्ट’ असा थट्टेने करी. सगळ्या प्रमेयांच्या सर्वांत सुंदर सिद्धता एका ग्रंथात लिहिलेल्या आहेत आणि तो ग्रंथ या फॅसिस्टाने स्वतःजवळ दडवून ठेवला आहे, असं तो म्हणे. देवावर विश्वास नसला तरी चालेल, त्या ग्रंथावर हवा, अशी वर पुस्ती. एक भाविक, एक देव न मानणारा. आणि दोघांनी एकच प्रमेय सिद्ध केलं. एकाहून मोठी कोणतीही संख्या घ्या. ती आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या सापडतेच. हे प्रथम चेबिशेवने 1852 मध्ये सिद्ध केलं. रामानुजनने 1919 मध्ये त्याची छोटी, देखणी सिद्धता दिली. 1932 मध्ये विशीही न गाठलेल्या एर्दोशने आपली दिली, आणि रामानुजन याच वाटेने आधी जाऊन आला होता हे त्याला मागाहून कळलं. नामक्कलच्या देवीला नमस्कार करून निघालेला आणि बुडापेस्टमध्ये देवाची टिंगल करत निघालेला, दोघे एकाच मुक्कामी पोचले. चौथीतलं मूल हे करून पाहू शकतं: 7 आणि 14 च्या मध्ये 11 आणि 13, 10 आणि 20 च्या मध्ये 11, 13, 17, 19. शंभर संख्या तपासल्या म्हणून प्रमेय सिद्ध होत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावं. मग ‘नेहमी’ म्हणजे काय, हे कोडं मुलाच्या डोक्यात राहील, आणि ते राहिलेलं बरं.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल, की अशाने देवी नुसती शोभेची होते. पण रामानुजननेच तिला पुरावा म्हणून कधी वापरलेलं दिसत नाही. 16 जानेवारी 1913 रोजी मद्रासहून हार्डीला लिहिलेल्या पत्रात त्याने सूत्रं पाठवली. त्यांतली काही आधीच माहीत असलेली निघाली, काहींनी हार्डी थक्क झाला, आणि मूळ संख्या मोजण्याबद्दलचे काही दावे चुकले होते. सूत्र कुठून आलं यावरच त्याचं खरेपण ठरत असतं, तर या चुकांचं काय करायचं? गणिती ब्रूस बर्न्ट यांनी वर्षानुवर्षं खपून रामानुजनच्या वह्यांतली तीन हजारांहून अधिक विधानं एकेक करून तपासली, आणि 1985 ते 1998 या काळात त्यांचे पाच खंड काढले. फारच थोडी विधानं चुकीची निघाली. ही कौतुकाचीच गोष्ट आहे, पण ते कौतुक तपासण्याचं काम केल्यानंतरच करता आलं. शिवाय वह्यांत दिसतात ते निष्कर्ष. कागद महाग म्हणून आकडेमोड पाटीवर होई, आणि पाटी भरली की तो ती कोपराने पुसे. त्या पुसलेल्या पाट्यांचं चित्र तेजोवलयाइतकंच मोठं काढायला हवं. ते वगळलं तर मुलाला वाटतं की एखाद्याला देवाने दिलं आणि आपल्याला नाही दिलं. असं वाटलेलं मूल पुन्हा गणिताकडे फिरकणं अवघड. शाळकरी वयात हाती लागलेलं, जवळपास पाच हजार निष्कर्ष ठासून भरलेलं, कार नावाच्या लेखकाचं पुस्तक रामानुजनने एकट्याने पालथं घातलं, हेही देवीइतकंच त्याच्या चरित्रात आहे.

दुसरीकडून बुद्धिवादी म्हणतील, मग देवी काढूनच टाका, मुलांच्या पुस्तकात अंधश्रद्धा कशाला? तीही लबाडीच होईल. जो माणूस जसा जगला तसा सांगायचा नसेल तर चरित्र लिहू नये. आणि गणित शिकवण्याच्या जुन्यात जुन्या प्रसंगांपैकी एक धर्माच्या चर्चेतूनच आलेला आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? पोरगा म्हणतो, बाजू दुप्पट करून. क्षेत्रफळ आठ हवं, येतं सोळा. मग तो बाजू तीन धरतो, नऊ येतात. शेवटी कर्णावर चौरस उभारला की आठ होतात, हे त्याचं त्याला दिसतं. सॉक्रेटिस यातून आत्मा जन्माआधीच सगळं जाणतो असा निष्कर्ष काढतो. तो मान्य करा किंवा करू नका, कर्णावरचा चौरस दुप्पटच राहतो. मला यात भावतं ते वेगळंच: प्लेटोने त्या पोराचं नावही दिलेलं नाही, आणि तरी त्याच्या चुका क्रमाने नोंदवल्या आहेत.

एवढ्या लहान वयात रामानुजनचं गणित कसं झेपेल, ही शंका सर्वांत जास्त ऐकू येते आणि ती सर्वांत कमी टिकते. अनंत श्रेणी बाजूला राहू द्या. चार चिंचोके घ्या आणि त्यांचे ढीग किती प्रकारे करता येतात ते विचारा. चारांचा एकच ढीग; तीन आणि एक; दोन आणि दोन; दोन, एक आणि एक; चार सुटे. झाले पाच. ‘एक आणि तीन’ वेगळं मोजायचं का, यावर मुलं हटकून भांडतात. भांडू द्यावं, कारण व्याख्या ठरवणं म्हणजे काय ते तिथेच कळतं. पाच चिंचोक्यांचे सात प्रकार होतात, सहांचे अकरा. मूल पुढे मोजत जातं आणि दहाच्या आसपास दमतं. शंभरांचे एकोणीस कोटी पाच लाख एकोणसत्तर हजार दोनशे ब्याण्णव होतात, हे तेव्हा सांगावं. याच मोजणीचं सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी 1918 मध्ये दिलं, म्हणजे खेळ पोरखेळ नव्हे.

मग माणूस हवाच कशाला, नुसते चिंचोके पुरेत, असं कोणी म्हणेल. खरेपणासाठी माणूस लागत नाही, हे कबूल. पण ढिगांचा प्रश्न आपणहून पडत नाही. कोणीतरी रिकामटेकडेपणाने त्यापाशी बसून राहिलेलं असतं. मुलाला असं बसून राहण्याची परवानगी हवी असते, आणि ती चरित्रातून मिळते. म्हणूनच दंतकथांना मी फार घाबरत नाही. भास्कराचार्यांची लीलावती, घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला मुहूर्त ही कथा इतिहास म्हणून उभी राहत नाही. तिला कथा म्हणून सांगावं आणि लगेच ‘लीलावती’ या त्यांच्या ग्रंथातलं एखादं उदाहरण सोडवायला द्यावं.

मराठीत अशी पुस्तकं करू पाहणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. डहाणूत 1905 मध्ये जन्मलेले, देवळालीत शाळामास्तरकी करत संख्यांशी खेळणारे द. रा. कापरेकर तुमच्या हाताशी आहेत. त्यांचं पुस्तक काढाल तेव्हा त्यांना संत करू नका, आणि मधलं एक पान कोरं ठेवा. वर फक्त 3524 छापा. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायला सांगा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 3087 येतील, मग 8352, मग 6174, आणि पुढे कितीही वेळा करा, 6174च. दुसरा आकडा मुलाला स्वतः निवडू द्या. चारही अंक सारखे नसले, म्हणजे झालं.