गोळी चुकली, पुढे काय?

नगरला माळीवाडा स्टँडजवळच्या कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहावं. चहा उकळेपर्यंत देशाचा अर्थसंकल्प मांडून होतो, परराष्ट्र धोरण दुरुस्त होतं आणि काश्मीरचा निकालही लागतो. ‘त्या वेळी पटेल पंतप्रधान असते ना...’ एवढं म्हटलं की पुरे. पुढचं कुणी बोलत नाही आणि कुणी विचारतही नाही. चारजण माना डोलावतात, पैसे कोणी द्यायचे यावर थोडी ओढाताण होते आणि देश मार्गी लागतो.

या गप्पांना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. राष्ट्रीय प्रश्नांवर मत ठोकून द्यायला पदवी लागत नाही, हीच तर लोकशाही. शिवाय नगरला याची परंपरा थोर आहे. १९४२ साली इथल्या किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी डांबले गेले. १९४४ मध्ये नेहरूंनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि सोबतच्या अकरा बंदिवानांशी झालेल्या चर्चांचं ऋण मोकळेपणी मानलं. माझी तक्रार मतांबद्दल नाही. आपलं ‘असतं तर’ अर्ध्या वाटेवरच बसकण मारतं, ही तक्रार आहे.

ते शेवटपर्यंत चालवत न्यायची सवय मला राज्यशास्त्राने नव्हे, विज्ञानकथेने लावली. दिवाळी अंक हाती आला की अनुक्रमणिकेत आधी विज्ञानकथा शोधणारी एक जमात आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या जमातीला पाठ असते. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही गेलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली, बदल एवढाच.

टपरीवर कथा इथेच संपली असती. नारळीकर मात्र इथून हिशोब सुरू करतात. गोळी चुकली, पण पुढे? विश्वासराव आणि त्यांचे भाऊ माधवराव एकदिलाने वागतात, काका दादासाहेब (रघुनाथराव) राजकारणातून बाजूला होतात आणि पेशवे विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रं उभारतात. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा कुठे इंग्रजांचा पसारा आटोक्यात राहतो. तोही पुरता जात नाही. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडेच आहे. म्हणजे एका विजयाची किंमत लेखकाने पुढच्या पिढ्यांकडून वसूल केली आहे.

हा हिशोब खरा की खोटा, त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये मराठा सरदार एकत्र लढले आणि त्यांनी निजामाला नमवलं. जिंकलेली लढाई हवी होती ना? ही घ्या. त्याच वर्षी पेशवे सवाई माधवराव गेले आणि गादीसाठी कारस्थानं सुरू झाली. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातला नगरचा किल्ला घेतला. मधे जेमतेम साडेआठ वर्षं. गोळी चुकून भागत नाही. घर सांभाळावं लागतं.

नारळीकरांची आणखी एक गोष्ट टपरीवर सांगण्याजोगी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या आद्याक्षरांची त्यांनी उलटापालट केली होती. नावाचं वजन न पडता कथा पारखली जावी, हा हेतू. बक्षीस मिळालं. आपण मत ऐकण्याआधी ते कोणाचं, कुठल्या पक्षाचं, हे विचारतो. बोलणाऱ्याचं नाव झाकून एखादं मत ऐकलं, तर आपल्यातली निम्मी भांडणं ऐन रंगात विझतील.

‘असतं तर’ शेवटपर्यंत नेणं हे काही लेखकांचंच काम नव्हे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार तेच करतं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हे गाव दरवर्षी पाऊस मोजतं, विहिरींची पातळी पाहतं आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं, उरलं तर पिकं. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक नाही. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसासारख्या तहानलेल्या पिकाला थारा नाही. इथे ‘तर’ उच्चारला की कोणाच्या तरी वावराला झळ बसते, म्हणून तो जपून उच्चारला जातो.

कथेतले गंगाधरपंत आझाद मैदानावर रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत जाऊन बसतात आणि उपदेश सुरू करतात. त्या जगातल्या श्रोत्यांना अध्यक्षीय भाषण नकोच असतं. ते त्यांना हुसकून लावतात. मला त्या श्रोत्यांचा हेवा वाटतो. आपण दर निवडणुकीत तीच भाषणं टाळ्या वाजवून ऐकतो. पक्षाचा जाहीरनामा म्हणजे तरी काय? अजून न घडलेल्या काळाची कथा. ‘आम्हाला सत्ता दिलीत तर’ इथून ती सुरू होते आणि तिथेच संपते. पैसा कुठून, पाणी कुठलं, झळ कोणाला, यावर एक ओळ नसते. इतकी कच्ची विज्ञानकथा दिवाळी अंकाचा संपादक साभार परत करील. मतदाराने तरी ती का छापावी?