काका, जरा बघ ना

मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात दोन प्रकारच्या बाई असतात. शाळेत ‘बाई आल्या’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. घरी ‘बाई आली’ म्हटलं की भांड्यांचा आवाज सुरू होतो. शब्द एकच. मान कुणाला द्यायचा हे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात ठरून गेलेलं असतं. व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. ते कुणाकुणाला मिळतं बघा. डॉक्टर आले, वकील आले, साहेब आले. पण प्लंबर आला, रिक्षावाला आला, वॉचमन आला. ही यादी कुठल्या पुस्तकात छापलेली नाही, तरी पाचव्या वर्षापर्यंत आपल्याला ती तोंडपाठ असते.

इंग्रजीत क्रियापदाला हे शेपूट नाही. समोर कुणीही असो, ‘यू’. त्यामुळे मान द्यायचा तर वेगळा शब्द जोडावा लागतो. सर, मॅडम, रिस्पेक्टेड, ऑनरेबल, एस्टीम्ड. हे सगळे शब्द आपण उचलले, आणि आपलं शेपूटही ठेवलं.

यातल्या काही शब्दांची मुळं मी मध्यंतरी शोधत बसलो होतो (रिलीजच्या रात्री बिल्ड चालू असताना माणूस काय करणार). ‘एस्टीम’ आणि ‘एस्टिमेट’ एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, अर्थ किंमत ठरवणं. ‘रिस्पेक्ट’च्या मुळाशी आहे वळून पाहणं, पुन्हा पाहणं. आणि ‘प्रेस्टीज’च्या मुळाशी चक्क जादूगाराची हातचलाखी, नजरबंदी. एस्टिमेट देणं हे माझं दर पंधरवड्याचं काम असल्यामुळे ‘एस्टीम’ मला लगेच समजला. तुमच्याकडे पाहून मी एक आकडा लावला. उद्या तो बदलू शकतो.

पण किंमत लावण्याआधीचंही काहीतरी असतं. स्टीफन डार्वल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये एका निबंधात दोन प्रकारचे आदर वेगळे केले. एक गुणांसाठीचा. तुम्ही गाता छान, कोड चांगला लिहिता, म्हणून. हा कमीजास्त होतो आणि तो व्हायलाच हवा. दुसऱ्यासाठी काहीही करावं लागत नाही. समोर माणूस आहे, आपण वागताना त्याला धरून चाललं पाहिजे, एवढंच. इंग्रजीत दोन्हीला ‘रिस्पेक्ट’ म्हणतात, म्हणून घोळ होतो. आपल्याकडे मान, आदर, अब्रू, इज्जत, पत असे ढीगभर शब्द आहेत, आणि बहुतेक सगळे पहिल्या खात्यात जमा होतात. मिळवायचे, राखायचे, घालवायचे. दुसऱ्या खात्यात एक शब्द घटनेने टाकायचा प्रयत्न केला. उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहे, म्हणजे प्रत्येक व्यक्तीची. शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली असते. आणि सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत ‘परिसरातील प्रतिष्ठित नागरिक’ असतात. म्हणजे बाकीचे कोण?

माझे बाबा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तो बंद पडला. घरी बसवेना, म्हणून आता एका एजन्सीतर्फे घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटीत आहेत. बारा तासांची ड्युटी. एकदा डबा द्यायला गेलो होतो. माझ्याच वयाचा एक रहिवासी गाडीची काच खाली करून म्हणाला, “काका, टँकर आलाय का जरा बघ ना.” बाबा म्हणाले, “हो सर, बघतो.”

तो मुलगा उर्मट अजिबात नव्हता. हसून बोलला, ‘काका’ म्हणाला, ‘जरा’ म्हणाला. पण ‘बघा’ नाही म्हणाला. दोघांच्या बोलण्यात मान देणारा एकेक शब्द होता, आणि खरी गोष्ट ‘बघ’ने सांगून टाकली. पाच वर्षांपूर्वी हेच बाबा कारखान्यात असताना त्याला भेटले असते, तर ‘बघा’ मिळालं असतं. बाबा तेच आहेत. आकडा बदलला.

यावर लगेच कुणी म्हणेल, ‘तू’ म्हणजे अपमान थोडाच? मान्य. माझ्या घरात ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’, आणि आईचा मान कमी आहे असं म्हणायची कुणाची टाप नाही. विठ्ठलालाही आपण ‘तू’च म्हणतो. मला वाटतं कसोटी साधी आहे. तो ‘तू’ परत येऊ शकतो का? आई मला तू म्हणते, मी तिला. मित्रांचंही तसंच. टॉवरच्या गेटवर मात्र तो एकाच बाजूने येतो, आणि उलट दिशेने ‘सर’ जातो. बाबांनी “थांब, बघतो” म्हटलं असतं, तर संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार पडली असती.

ऑफिसात आम्ही हा प्रश्न चुकवला आहे. पंधरा वर्षांनी मोठ्या मॅनेजरला सगळे नावाने हाक मारतात. स्टँडअपमध्ये अडचण नसते. चहाला खाली उतरलो, मराठी सुरू झालं की मी अडखळतो. ‘तू येतोयस का’ की ‘तुम्ही येताय का’? दोन वाक्यांत आम्ही दोघंही इंग्रजीत परततो. ‘यू’ समता आणतं असं मला वाटत नाही, पण ते झाकण चांगलं आहे.

मग सगळ्यांनाच सर म्हणावं का? डिलिव्हरीवाले म्हणतातच की. “सर, लोकेशनवर आहे.” त्यांना तारे हवे असतात, म्हणजे पुन्हा एस्टिमेट. शब्द वाढवून काही होत नाही हे मराठीने आधीच बघितलंय. पूर्वी पत्राच्या वर ‘रा. रा.’ लिहायचे, राजमान्य राजश्री. घेणारा कारकून असला तरी राजमान्य. लिहून लिहून त्यातला राजा कधी मेला कळलंही नाही. ब्रिटिश काळात कायदेमंडळातल्या ‘ऑनरेबल’साठी ‘नामदार’ आला, गोखले नामदार झाले ते त्यातून. घटनेच्या कलम १८ ने लष्करी आणि शैक्षणिक सोडून बाकीचे किताब शासनाने देणं बंद केलं. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिथे एकाच नावाआधी ‘मा. ना. श्री.’ अशी रांग असते.

बाबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते फारसे ऐकत नव्हते. म्हणाले, पगार वेळेवर झाला पाहिजे आणि केबिनमध्ये पंखा पाहिजे, ते आधी लिही. बरोबर आहे, म्हणून लिहिलं.

त्यांच्यानंतर रात्रपाळीला येणारा मुलगा बावीस वर्षांचा आहे, माझ्याहून लहान. तो आला की बाबा खुर्ची रिकामी करतात आणि रजिस्टर त्याच्या हातात देतात. “या, बसा. जेवलात का?”