मुक्कामाची मुदत

महागड्या शहरात लांबच्या मुक्कामासाठी परवडेल अशी जागा मिळवण्याचा प्रश्न मुंबईइतकाच जुना आहे. केमोथेरपीसाठी विदर्भातून आलेला शेतकरी आणि त्याची बायको, उच्च न्यायालयातल्या खटल्यासाठी खेपा घालणारा म्हातारा, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आलेली मुलगी, या सगळ्यांना परत जायचेच असते. त्यामुळे घर घेण्याचा विचार त्यांच्या मनात नसतो. लॉजचा दर मात्र रात्रीचा असतो आणि त्यांचा मुक्काम महिन्यांचा. मग ही माणसे हळूहळू शहराच्या कडेला सरकतात. पश्चिम उपनगरांत महापालिकेची हद्द दहिसरला संपते. चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर लागते. नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि पीजी शोधत हिंडणाऱ्यांचा हिशोब सरळ असतो: भाड्यात वाचलेले पैसे लोकलच्या गर्दीत आणि वेळेत फेडायचे. अंगात बळ असलेल्याला हा सौदा जमतो. रेडिएशन घेऊन परळहून दहिसरला उभ्याने येणाऱ्याला तो जमत नाही.

अशा माणसाला आसरा द्यावा, याबद्दल कोणत्याही धर्माचे दुमत नाही. मतभेद सुरू होतो तो किती दिवस, या प्रश्नावर. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीची व्याख्याच एका रात्रीच्या मुक्कामाने केली आहे. इस्लामी परंपरेत हदीस तीन दिवसांचे आतिथ्य सांगतो. त्यापुढे यजमान जे करील ते दान, आणि यजमानाला जड होईल इतके राहणे पाहुण्याने टाळावे. मराठी म्हण यजमानाच्या बाजूने अधिक रोखठोक बोलते: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तीर्थक्षेत्रांतल्या धर्मशाळांचा तीन दिवसांचा रिवाज याच विचारातला आहे. यात्रेकरूला तो पुरतो, कारण स्नान, दर्शन आणि परतीची तयारी तेवढ्या दिवसांत उरकते.

ही मर्यादा कंजूषपणातून आलेली नाही. मुक्काम लांबला की देणारा आणि घेणारा यांचे नाते बदलते. एका रात्रीच्या पाहुण्याचे ओझे होत नाही आणि त्याला मिंधेपणही येत नाही. तीन महिने राहिलेला माणूस पाहुणा राहत नाही. तो आश्रित होतो, भाडेकरू होतो किंवा घरातलाच होतो. धर्मशास्त्राने पहिल्या रात्रीचे नियम बारकाईने लिहिले आणि नव्वदाव्या रात्रीचा प्रश्न बहुतेक सोडून दिला. त्याचे उत्तर शोधायला गृहस्थाच्या ओट्यावरून उठून श्रमणांच्या विहारात जावे लागते, आणि असा एक विहार दहिसरच्या उशालाच आहे.

दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून खाली येते. त्याच डोंगरांत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या आगेमागे सुरू झाला आणि सुमारे हजार वर्षे वापरात होता. चैत्यगृह पाहून परतणाऱ्या सहलीला सहसा दिसत नाही ते असे, की यातली बरीच लेणी राहण्याच्या खोल्या आहेत: समोर ओसरी, आत दगडातच कोरलेला झोपण्याचा ओटा, बाजूला पावसाचे पाणी धरणारे टाके. भटकंती हाच ज्यांचा धर्म त्या भिक्षूंसाठी ही निवासव्यवस्था होती. पावसात चालणे कठीण आणि पायाखाली जीव मरण्याची भीती. म्हणून बुद्धाने तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला, तो वर्षावास. दीर्घ मुक्कामाला भारतीय धर्मविचाराने दिलेली पहिली नीट चौकट म्हणून याच्याकडे पाहता येते. तिच्यात मुदत आहे, पण ती यजमानाच्या सहनशक्तीवरून ठरलेली नाही. ज्या कारणाने थांबावे लागले ते कारण संपेपर्यंत ती चालते.

या निवासाचा खर्च कोण करी, तेही कान्हेरीच्या शिलालेखांतून कळते. कल्याण आणि सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी लेणी आणि पाण्याची टाकी दान दिली. काहींनी अक्षयनीवी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता नुसत्या व्याजावर चालणारी ठेव, ठेवली आणि त्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे द्यावीत असे कोरून ठेवले. नवव्या शतकात, शिलाहार राजा दुसरा कपर्दी याच्या कारकिर्दीत, थेट गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने 100 द्रम्मांची अशी ठेव ठेवल्याची नोंद आहे. पश्चिम भारतातल्या लेण्यांमध्ये अशी दाने बहुधा चातुर्दिश संघाला, म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या आणि अजून न आलेल्याही भिक्षूंना दिलेली असतात. दात्याचे नाव दगडावर राहते, पण आत कोण झोपेल हे दाता ठरवू शकत नाही. पुढे संगमरवरी पाटीवर नाव आणि पाटीखाली अमुक ज्ञातीसाठीच अशी ओळ लिहिणाऱ्या धर्मशाळांशी याची तुलना केली, तर दोन हजार वर्षांत दानाची कल्पना पुढे सरकली की मागे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

जागा फुकट आणि मागणी मोठी असली की भांडणे ठरलेली. विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ. त्याच्या चुल्लवग्ग या भागात निवासाच्या जागांवर एक अख्खे प्रकरण आहे, आणि ते धर्मग्रंथापेक्षा एखाद्या वसतिगृहाच्या तक्रारवहीसारखे वाचता येते. खोल्या वाटून देण्यासाठी संघाने एक भिक्षू नेमावा. वाटून मिळालेली जागा पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरती आपली. उरलेल्या ऋतूत दुसऱ्याला अडवून ती धरून ठेवता येणार नाही. ज्येष्ठाला चांगली जागा द्यावी. पण एका प्रसंगात ज्येष्ठतेच्या नावाखाली काही भिक्षू आजाऱ्याला उठवू लागले, तेव्हा नियम झाला की आजारी माणसाला जागेवरून हलवू नये. लगेच षड्वर्गीय भिक्षू, म्हणजे या ग्रंथातले नेहमीचे खोडकर, आपणही आजारी असल्याचे सांगून उत्तम बिछाने अडवून बसले. मग पुन्हा नियम: आजाऱ्याला त्याच्या आजाराला योग्य अशी जागा द्यावी, आणि क्षुल्लक दुखण्याचे निमित्त करून कोणी जागा अडवू नये.

या छोट्या कथेत सगळा पेच आला आहे. गरज हा हक्काचा आधार मानला की गरजेचे सोंग येते. सोंगाच्या भीतीने नियम कडक केले की खरा आजारी बाहेर पडतो. विनयाचा निर्णय असा, की सोंग करणारे निघाले म्हणून आजाऱ्याचा हक्क काढून घ्यायचा नाही, गरज तपासायची. आज परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाभोवतालच्या निवासांत खोली मागताना रुग्णालयाचे पत्र आणि केसपेपर दाखवावे लागतात. रांगेत उभ्या असलेल्या नातेवाईकाला ती कागदांची कटकट वाटते, आणि थकलेल्या माणसाला तसे वाटणे चूक नाही. तरी तपासणीमागचा न्याय तोच जुना आहे.

जैन परंपरेने याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली: घेणाऱ्याचे मिंधेपण. साधू-साध्वी आषाढ ते कार्तिक असा चातुर्मास एका गावी करतात. बोरिवली-दहिसर पट्ट्यातल्या उपाश्रयांत पावसाळ्यात त्यांचा मुक्काम असतो. श्वेतांबर आगमांत उतरायला जागा देणाऱ्याला शय्यातर म्हणतात, आणि ज्याच्या जागेत उतरले त्याच्याच घरची भिक्षा घेणे साधूला वर्ज्य आहे. छप्पर एकाचे आणि अन्न दुसऱ्याचे. एकाच यजमानावर सगळा भार पडू नये, आणि साधूने कोणा एकाच्या मर्जीवर जगू नये, अशी ती सोय आहे. मुंबईतल्या रुग्णनिवासांभोवती तेच चित्र नकळत तयार झालेले दिसते: खोली एका ट्रस्टची, जेवण दुसऱ्या संस्थेचे, औषधाची मदत तिसऱ्याची. रुग्णाची त्यात धावपळ होते. पण संपूर्ण आयुष्य एकाच दात्याच्या हातात जात नाही, हा त्याचा लाभ कमी लेखू नये.

वैदिक परंपरेत विहीर, तलाव, बाग आणि धर्मशाळा बांधणे पूर्तकर्मात मोडते. अहिल्याबाई होळकरांनी (1725–1795) देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा याच परंपरेतल्या. पण पूर्तकर्माचा भर कर्त्याच्या पुण्यावर असतो, आणि पुण्याला आत कोण येतो याची फिकीर असावीच असे नाही. अनेक धर्मशाळांची दारे अस्पृश्य मानलेल्यांना बंद होती. पंढरपूरला जाऊनही छप्पर न मिळणारे वारकरी होते. गाडगे महाराजांनी (1876–1956) नेमकी ही जागा हेरली. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपवली. काही रात्रींची यात्रेकरूंची जागा वर्षानुवर्षे शिकणाऱ्या मुलांच्या हाती गेली. मुदतीच्या प्रश्नावर मराठी धर्मपरंपरेत उचललेले हे सर्वांत धीट पाऊल म्हणता येईल. दुसरा बदल त्यांनी देवाच्या जागेतच केला. दर्शनाला आलेल्याइतकाच उपचाराला आलेलाही धर्मशाळेचा धनी, असे त्यांच्या कामातून ठरले. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे नाममात्र दरात उतरतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, आणि कर्करोग झालेल्या मुलांना आई-वडिलांसह उपचार चालेपर्यंत ठेवून घेणारी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रेही मुंबईत आहेत.

या निवासांत थोडे का होईना, पैसे घ्यावेत की नाही, यावर दात्यांमध्ये नेहमी दोन मते असतात. फुकट देण्यात पुण्य अधिक, हा एक पक्ष. रोजचे थोडे पैसे देणारा माणूस गळका नळ दुरुस्त करा असे ठणकावून सांगू शकतो, फुकट राहणारा गप्प बसतो, हा दुसरा. मुक्काम लांब असेल तर दुसरा पक्ष अधिक वजनदार वाटतो.

दात्याशिवायही एक वाट मुंबईत होती, आणि ती गरिबांनी स्वतः काढली. गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. वीस-तीस गडी एका खोलीत, पाळ्यांनी झोपायचे, ट्रंक भिंतीशी, जेवण खानावळीत. गोमंतकीय ख्रिस्ती खलाशांचे कूड याच जातीचे. गावाच्या नावाचा क्लब, नाममात्र वर्गणी, पुढच्या बोटीची वाट पाहत महिनोन्महिने मुक्काम. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक कूड होते. प्रत्येक कुडात गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची. प्रार्थना इथे शिस्तीचे काम करी. रात्री वेदीसमोर उभे राहणारे लोक एकमेकांच्या पेटीला हात लावत नाहीत, असा त्यामागे भरवसा असे. क्रॉफर्ड मार्केटजवळचे मुसाफिरखाने हजच्या बोटीची वाट पाहणाऱ्यांनी भरलेले असत. समुद्रमार्गे हज 1990 च्या दशकाच्या मध्यास थांबला आणि त्यांची ती मूळ गरज ओसरली. मंडळाची खोली आणि कूड यांत यजमान नसल्यामुळे मिंधेपणाही नव्हता. उणीव एकच, पण मोठी: गाव, धर्म आणि बहुधा पुरुषपण हीच प्रवेशपत्रे होती. बीडहून एकटी आलेल्या रुग्ण बाईला त्यांतले एकही दार उघडे नसे.

राज्यसंस्थेनेही या प्रश्नाला हात घातला, पण तिरपा. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाऊसच्या दरांचे नियंत्रण होते. म्हणजे पाहुण्याच्या खाटेचा दर हा सरकारच्या काळजीचा विषय होता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याची जागा घेतल्यावर व्यवहाराचा भर लिव्ह अँड लायसन्सच्या करारांकडे गेला. अकरा महिने, डिपॉझिट आणि एजंटची दलाली हे त्याचे तीन खांब. चार महिन्यांसाठी आलेल्याला यातला एकही पेलत नाही. जुलै 2022 मध्ये दिवसाला 1000 रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांची जीएसटीतून असलेली सूट काढून 12 टक्के कर लावला गेला. सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे. अमृतसरच्या सुवर्ण मंदिराजवळच्या सरायांवरून 2022 मध्ये वाद झाला, तेव्हा धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या आवारातल्या, 1000 रुपयांखालच्या खोल्यांना सूट कायम असल्याचा खुलासा केंद्राला करावा लागला. करापुरती का होईना, हॉटेल आणि धर्मशाळा यांतली रेघ सरकारला काढावी लागली. ती काढताना आवार कोणाचे आणि दर किती एवढेच पाहिले गेले. आत कोण आणि किती दिवस राहतो, हे कसोटीत आले नाही.

कारण संपेपर्यंत मुक्काम, हे तत्त्व मान्य केले तरी एक व्यावहारिक गाठ उरते. कारण सलग नसते. केमोच्या दोन आवर्तनांमध्ये अनेकदा तीन आठवड्यांचे अंतर असते. त्या काळात खाट राखून ठेवली तर दारातला दुसरा रुग्ण परत जातो. सोडायला लावली तर पहिल्याला अशक्त अंगाने गावी जाऊन पुन्हा यावे लागते. वर्षावासात भिक्षूला योग्य कारणासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर राहण्याची मुभा होती आणि तेवढ्याने त्याचा वर्षावास मोडत नसे. म्हणजे थोडी गैरहजेरी आणि सोडून जाणे यांत फरक करता येतो, हे जुन्या नियमकारांना ठाऊक होते. तीन आठवडे त्या सवलतीत बसत नाहीत. म्हणून मधल्या काळासाठी वेगळी, रुग्णालयापासून लांब पण स्वस्त अशी दुसऱ्या टप्प्याची जागा लागते, जिथे रोज ये-जा करायची नसते आणि नुसती विश्रांती हवी असते. सध्या ती गरज दहिसर, मीरा रोड आणि त्यापुढच्या भाड्याच्या खोल्या बाजारभावाने भागवतात.