नदीची वाळू, डोंगराचा चुरा

पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट ही कीर्तनाची जागा. त्याच चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्या, पात्रातून ट्रक भरभरून वाळू उपसली जाते. वाळूचा थर गेला की पाणी मुरणं कमी होतं, काठच्या विहिरी आटतात. मग नदीला आई म्हणणाऱ्याने घर कशाने बांधावं?

क्रश सँड हे एक उत्तर. काळा बेसॉल्ट फोडून, यंत्रात दगडावर दगड आपटून दाणे घडवतात. दाणा कोनदार, म्हणून माल पाणी जास्त मागतो आणि गिलावा करताना गवंडी कुरकुरतो. क्रशरची नुसती कच म्हणजे मात्र क्रश सँड नव्हे.

पण सकाळी पाय टेकवण्याआधी ज्या धरतीची क्षमा मागतात, तिचे डोंगर त्या प्रार्थनेत स्तन मानले आहेत. नदी वाचवायला डोंगर फोडणं, हे पापाचं स्थलांतरच ना?

काही अंशी, हो. नदी पावसाळ्यात थोडी वाळू परत आणते. हा बेसॉल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो परत येत नाही. तरी खाणीला हद्द आखता येते, नदीची जखम मात्र खालच्या गावांपर्यंत वाहत जाते. म्हणून क्रश सँड बरी, निर्दोष नव्हे. पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट दळून वापरायलाही भारतीय मानक 383 ने 2016 पासून ठरावीक मर्यादेत मुभा दिली आहे. तिथे ना नदी लागते, ना डोंगर.