रोज एक फ्रेम

धुऱ्यावर बसा. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना लागणारं कुठलंही वावर चालेल.

पाऊस नुकता थांबला आहे. काळी माती ओली आहे. तिचा वास घ्या. श्वास लांब होऊ द्या.

समोर कपाशीचं तास आहे. त्यातलं एकच रोप निवडा. बाकीची राहू द्या.

दोन जाड, गुबगुबीत पानं. देठ किंचित वाकलेला. सरकीचं टरफल एका पानाला अजून चिकटून आहे.

काही हलत नाही.

बघत राहा.

आता डोळे मिटा. १९१२ साल आहे. दादरचं एक घर. कुंडीत वाटाणा पेरलेला आहे, समोर लंडनहून आणलेला कॅमेरा आहे. धुंडिराज गोविंद फाळके एक फ्रेम घेतात.

झालं. आजचं काम संपलं.

उद्या एक. परवा एक.

महिना उलटतो. कुंडी तिथेच, कॅमेरा तिथेच. वर्षभरापूर्वी याच माणसाचे डोळे सिनेमे बघून आणि जागून अधू झाले होते, काही काळ दिसेनासंच झालं होतं. ते डोळे आता रोज एका दाण्यापाशी येतात.

थोडं थांबा. त्या डोळ्यांपाशी थांबा.

मग पडद्यावर माती फुटते. कोंब वर येतो. बघता बघता वाटाण्याचं रोप होतं. हे बघून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसतो, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ येतो. लोक फाळक्यांना तिथून मोजतात. मी वाटाण्यापासून मोजतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

तिकडे पॅरिसात, वाटाण्याच्या चार वर्षं आधी, एमिल कोल कागदावर वाकले आहेत. वय ५१. आयुष्य व्यंगचित्रांत गेलेलं. खालून उजेड आलेल्या काचेवर एक चित्र, त्यावर कोरा कागद. रेघ जराशी सरकवायची, पुन्हा काढायची. अशी सुमारे ७०० चित्रं. त्यांतून ‘फँटास्मागोरी’ ही हलत्या चित्रांची फिल्म होते, दोन मिनिटांचीही नाही. त्यात बाटलीचं फूल होतं.

कोल हाताने रेघ सरकवतात. फाळक्यांची रेघ मातीच सरकवते. त्यांनी फक्त वेळ पाळायची.

डोळे उघडा.

रोप पुन्हा बघा. वाटाणा आपली डाळ मातीतच ठेवून वर येतो. सरकी ती सोबत घेऊन येते; ही दोन जाड पानं म्हणजे तीच. पहिली शिदोरी, उजेडात आणलेली.

टरफल अजून तिथेच आहे?

बघा.

ते गळताना दिसायचं नाही. मघाशी होतं, नंतर नसेल. मधली फ्रेम कुणाकडेच नाही.

वावर नसेल तर हरकत नाही. अमरावतीत गच्चीवर, अकोल्यात खिडकीत, जुन्या डब्यात काळी माती भरा आणि एक दाणा टोबा. तुरीचा, सरकीचा, घरात असेल तो. एक वेळ ठरवा. रोज त्याच वेळी या. मोबाइल घरात ठेवा. फोटो काढला की बघणं राहून जातं, निदान माझं तरी.

पहिले काही दिवस नुसती माती दिसेल. तीही बघा.