कलानुभव, साधारणीकरण आणि उत्तरदायित्व

कलाकृतीच्या आस्वादातून जागृत होणारी भावना रसिकाला कृतीकडे नेते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात तो एका स्वरूपात येऊन गेला, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावाद व लौकिकतावाद या दोन ध्रुवांची मांडणी केली, तेव्हा त्याला तात्त्विक बैठक लाभली. हवामानबदलाच्या संदर्भात मात्र त्याला निराळी निकड प्राप्त झाली आहे. संग्रहालयांनी आणि सार्वजनिक कलेने समाजाला कृतिप्रवण करावे, अशी अपेक्षा आता सर्रास व्यक्त होते. अंतःकरण हेलावले की जबाबदारीची जाणीवही उत्पन्न होते, हे या अपेक्षेमागील गृहीतक आहे. ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे हवामान परिषद भरली असता ऑलाफुर एलिआसन हा कलावंत आणि मिनिक रोसिंग हा भूशास्त्रज्ञ यांनी ‘आइस वॉच’ ही कलाकृती पाँतेऑनसमोरील चौकात मांडली. ग्रीनलंडच्या हिमस्तरापासून तुटून फियोर्डमध्ये तरंगणारे बर्फाचे बारा प्रचंड खंड तेथे आणून घड्याळाच्या तबकडीप्रमाणे वर्तुळात ठेवले होते. येणारेजाणारे त्यांना हात लावीत, कान लावून आतले प्राचीन हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत. काही दिवसांत बर्फ वितळून गेला. जे संकट आकडेवारीच्या रूपानेच परिचित होते, त्याला येथे स्पर्श मिळाला, हे या कृतीचे निर्विवाद यश होय. या खटाटोपातून सुमारे ३० टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके उत्सर्जन झाल्याचा हिशेबही प्रसिद्ध करण्यात आला. त्यावर झालेली टीका समजण्यासारखी असली, तरी मुख्य नैतिक प्रश्न त्या हिशेबात नाही.

तो प्रश्न साधारणीकरणाच्या संकल्पनेतून अधिक स्पष्ट होतो. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनानुसार रसास्वादात भाव ‘माझा’ वा ‘परक्याचा’ राहत नाही. स्वगत-परगत भेदाचा आग्रह हे रसविघ्नच मानले गेले आहे. शोकाचा करुण होतो तो या भेदाच्या विलयामुळे. परंतु उत्तरदायित्वाची सारी मदार नेमकी याच भेदावर असते. उत्सर्जन कोणाचे, लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हे प्रश्न वगळले तर जबाबदारी हा शब्दच अर्थशून्य होतो. वितळत्या बर्फासमोर उभा असलेला उद्योगपती, वाटसरू आणि दूर किनाऱ्यावरचा मच्छीमार हे सारेच ‘मानवजात’ या एका नावाखाली एकवटतात, आणि अपराधाचेही साधारणीकरण होते. जो सर्वांचा अपराध, तो कोणाचाच राहत नाही. रसदृष्ट्या जो गुण, तोच नीतिदृष्ट्या दोष ठरावा, असा हा पेच आहे.

या पेचातून वाट काढणारी एक रचना त्यापूर्वीच सिद्ध झाली होती. १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनासाठी योसेफ बॉइसने फ्रिडेरिसिआनुम या १७७९ पासूनच्या संग्रहालयासमोर बेसाल्टच्या ७००० शिळांची रास ओतली. शहरात एक झाड लावले जाईल तेव्हाच एक शिळा हलवून त्या झाडाशेजारी रोवायची, अशी योजना होती. बॉइस १९८६ मध्ये निवर्तला. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावले. बर्फ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आपोआप घटत होता. ही रास मात्र कोणी काही केल्याखेरीज घटणारी नव्हती. प्रत्येक उरलेली शिळा ‘कोण?’ आणि ‘कोठे?’ असे विचारीत होती. साधारणीकरणात विरघळणारा भेद येथे रचनेतच टिकून राहिला. शिवाय कृतीनंतर कर्तव्य संपले नाही. शिळा आहे तेवढीच राहते, झाड वाढते, त्याची निगा राखावी लागते.

याला समाजकार्य म्हणावे, कला नव्हे, असा आक्षेप संभवतो. परंतु कर्तव्य हे येथे बाहेरून जोडलेले तात्पर्य नसून आकाराचा घटक आहे. घटती रास आणि वाढते झाड यांचे बदलते प्रमाण हाच या कृतीचा घाट होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झाड लावणे सुखद असते, आणि त्या समाधानात इंधन, उद्योग व सत्ता यांविषयीचे अप्रिय निर्णय झाकले जाऊ शकतात. सात हजार झाडांनी हवामान सावरत नाही. म्हणून कासेलचा प्रयोग उपाय म्हणून नव्हे, जबाबदारीचा आकार कसा असावा याचा नमुना म्हणून पाहणे युक्त ठरेल.

हा नमुना संग्रहालयांनाही लागू पडतो. २०१८ मध्ये ‘आइस वॉच’ लंडनच्या टेट मॉडर्नसमोर मांडली गेली. त्याच टेट संस्थेने १९९० पासून बीपी या तेलकंपनीचे प्रायोजकत्व स्वीकारले होते. ‘लिबरेट टेट’ या गटाने २०१० पासून त्याविरुद्ध संस्थेच्या दालनांतच निषेधाचे प्रयोग केले, आणि २०१७ मध्ये ते प्रायोजकत्व संपले. त्या कलावंतांनी ‘मानवजाती’ला प्रश्न विचारला नव्हता, एका संस्थेला तिच्या एका कराराविषयी विचारला होता. समाजाला कृतीची प्रेरणा देऊ पाहणाऱ्या संग्रहालयाने आपल्या दारातली शिळा प्रथम स्वतः उचलावी, एवढी अपेक्षा त्याच्याकडून रास्तपणे करता येते.