उबेचं देणं

(रात्रीची जेवणं आटोपली आहेत. भाची कर्करोगावरच्या औषधांची उंदरांवर चाचणी घेते. मामा तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)

मामा : आज जेवणात लक्ष नव्हतं तुझं.

भाची : पिंजरे डोळ्यांपुढून हलत नाहीत, मामा. आमच्या ॲनिमल हाउसमध्ये 22 अंश तापमान असतं. ॲप्रन घालून वावरणाऱ्या आम्हाला ते बरं वाटतं. उंदराला मात्र 30 च्या आसपास सुख लागतं. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. अंगातली ऊब राखण्यातच त्याची ताकद सरते.

मामा : काही उपाय?

भाची : साधा आहे. पिंजऱ्यात आठ-दहा ग्रॅम कागदाच्या पट्ट्या टाकल्या की उंदीर स्वतःच घरटं करतो. गारठा वाटला की आत, नको झालं की बाहेर.

मामा : मग अडलंय कुठे? कागद काही महाग नाही.

भाची : माझा प्रयोग अर्ध्याच्या पुढे गेलाय. अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की 22 अंशांत ठेवलेल्या उंदरांच्या गाठी 30 अंशांतल्यांपेक्षा झपाट्यानं वाढतात. आता ऊब दिली, तर पुढची मोजमापं मागच्यांशी जुळणार नाहीत. गाठ औषधानं आटली की उबेनं, हे कसं सांगू? तीन आठवड्यांचं काम वाया जाईल आणि तेवढेच उंदीर पुन्हा मारावे लागतील.

मामा : रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. तुझ्याकडे दुसरी आणि तिसरी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्यात.

भाची : म्हणूनच झोप लागत नाही.

मामा : मला आणखी एक टोचतं. ज्याला मारायचंच, त्याला मऊ अंथरूण द्यायचं. ते त्याच्यासाठी, की आपल्याला शांत झोप लागावी म्हणून? पिंजरा उबदार झाला की पिंजरा का, हे विचारणंच थांबेल.

भाची : ती भीती मलाही आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो गारठ्यातच राहणार ना? आणि मामा, मामीला दिलेली औषधं याच वाटेनं आली.

(मामा बराच वेळ बोलत नाहीत.)

मामा : खरंय. तेव्हा मी नको म्हणालो नाही. म्हणजे देणं मीही लागतो.

भाची : शिवाय ऊब विज्ञानाच्याही फायद्याची आहे. गारठलेल्या शरीरावरून औषधाची पारख नीट होत नाही.

मामा : तेवढ्यावर विसंबू नकोस. समज, उद्या कोणी सिद्ध केलं की गारठ्यातच निकाल चोख येतात. मग पट्ट्या काढून घेशील?

भाची : (थांबून) नाही. शक्य असेल तिथे तरीही देईन.

मामा : मग कारण तिथे आहे. त्याला थंडी वाजते, एवढंच पुरे. प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा आपला 1960 चा कायदासुद्धा प्रयोगाला वाव देतो, पण विनाकारण यातना नको म्हणतो. गारठ्याला कारण उरलंय का, हे दर वेळी तपासायचं. हे उंदीर आणखी किती दिवस?

भाची : दहा. यांच्यात बदल करणार नाही, नाहीतर यांचं मरणच फुकट जाईल. पुढच्या प्रयोगात पहिल्या दिवसापासून सगळ्या गटांना पट्ट्या. नीतिसमितीला उद्याच लिहिते. आणि निबंधात खोलीचं तापमान, घरट्याचं सामान, सगळं नोंदवीन.

मामा : पटतंय. पण या दहा दिवसांना नाइलाज म्हणू नकोस. गारठा आपण ठरवून दिला, तोही नोंदव.

भाची : निबंधात?

मामा : तिथे जागा नसेल, तर तुझ्या वहीत. उद्याच्या तारखेपासून, रोज.